विंडोज सोडून दुसरीकडे जायचं का, हे ठरवायचं कसं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून हा प्रश्न सारखा कानावर येतोय, की आता लिनक्स टाकू का, का मॅक घेऊ, का मुकाट्याने विंडोज ११ वर जाऊ. प्रश्न रास्त आहे, कारण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर अशा अटी घातल्यात, त्यामुळे चांगले धडधाकट चालणारे कितीतरी कॉम्प्युटर निव्वळ यादीत बसत नाहीत म्हणून बाहेर राहिले. पण सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. ते चालूच राहतं, फक्त सुरक्षेतल्या नवीन सापडलेल्या त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट यायचे थांबतात, आणि घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत पण दिलीय, ती आपणहून नोंदवून घ्यावी लागते. म्हणजे उद्याच्या उद्या काही करायची गरज नाही. हे मुद्दाम आधी सांगतोय कारण ओएस, म्हणजे विंडोज, मॅकओएस, लिनक्ससारखी कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, बदलताना जे लोक पस्तावतात ते बहुतेक घाईत बदललेले असतात.

बहुतेक चर्चा सुरू होते ती "चांगली कुठली" इथून, आणि तिथेच फसते. आपण दिवसभर ओएस वापरत नसतो हो, आपण ब्राउझर वापरतो, वर्ड एक्सेल वापरतो, फोटो एडिट करतो, हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडतो, गेम खेळतो. ओएस या सगळ्याच्या खाली असते. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की माझी रोजची सॉफ्टवेअर, माझ्या फाइल्स आणि माझं मशीन हे तिन्ही पलीकडे नीट चालणार का. आणि यातून माझं एक ठाम मत झालंय, ओएस सगळ्यात शेवटी बदलायची, आधी सॉफ्टवेअर बदलायची, आणि ती आहे त्याच विंडोजवर बदलायची.

असं का, ते समजायला ओएस नेमकं काय करते हे थोडं बघू. तुम्ही एखाद्या प्रोग्रॅममध्ये सेव्ह दाबलं की तो प्रोग्रॅम स्वतः डिस्कवर काही लिहीत नाही, त्याला तुमची डिस्क कुठल्या कंपनीची आहे हेही माहीत नसतं. तो ओएसला सांगतो की ही फाइल या नावाने या फोल्डरमध्ये ठेव. स्क्रीनवर खिडकी उघडायची असो, माइकचा आवाज घ्यायचा असो, प्रिंट काढायची असो, प्रत्येक गोष्टीसाठी प्रोग्रॅम ओएसकडे मागणी करत असतो, आणि या मागण्या करायची पद्धत विंडोजची वेगळी, मॅकओएसची वेगळी, लिनक्सची वेगळी. विंडोजसाठी बनवलेली ईएक्सई फाइल लिनक्सवर डबल क्लिक केली की चालत नाही त्याचं कारण हे. प्रोसेसर तोच असला तरी ती ज्या मागण्या करते त्या ऐकणारं तिथे कोणी नसतं.

मग मधे एक दुभाषा बसवायचा ही कल्पना आली, वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून हेच काम करतोय, विंडोजच्या मागण्या घ्यायच्या आणि लिनक्सला समजतील अशा करून पुढे द्यायच्या. त्यावरच व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारं हातात धरायचं गेमिंग मशीन काढलं, तेव्हापासून विंडोजचे भरपूर गेम लिनक्सवर खरोखर छान चालतात. पण वाइनच्या भरवशावर कामाचं सॉफ्टवेअर ठेवून ओएस बदलू नका, असं मी सांगेन. गेम नाही चालला तर एक संध्याकाळ जाते. बिलिंगचं सॉफ्टवेअर एका अपडेटनंतर उघडेनासं झालं तर धंदा अडतो.

तर पहिलं काम, यादी करा. वही घ्या किंवा फोनवर लिहा, पण महिनाभर जे जे उघडाल ते लिहून ठेवा, आणि त्यात वर्षातून एकदाच लागणारी सॉफ्टवेअर पण आठवून घाला. लोक इथेच चुकतात, रोजचं सगळं लक्षात राहतं आणि टॅक्स भरायच्या वेळी लागणारं ते एक छोटं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर, जुन्या स्कॅनरचं स्वतःचं ॲप, लेबल छापायच्या प्रिंटरचं टूल, हे आयत्या वेळी आठवतं. यादी झाली की प्रत्येकासमोर लिहा, लिनक्सची आवृत्ती आहे, ब्राउझरमध्ये चालतं, पर्याय आहे, का काहीच नाही.

बऱ्याच जणांना ही यादी बघून आश्चर्य वाटतं कारण अर्ध्याहून जास्त गोष्टी ब्राउझरमध्येच निघतात. ईमेल, बँक, व्हिडिओ, मीटिंग, व्हॉट्सॲप वेब, सगळं क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये, आणि हे दोन्ही लिनक्सवर आहेत. ज्यांची यादी पूर्णच ब्राउझरची आहे त्यांनी फार विचार करायची गरज नाही, त्यांना कुठलीही ओएस चालेल.

अडचण असते ती उरलेल्या दोन-चार नावांत. फोटोशॉप, प्रीमियर वगैरे ॲडोबीची सॉफ्टवेअर लिनक्ससाठी येत नाहीत. ऑटोकॅडही येत नाही. पर्याय आहेत, गिंप आहे, इंकस्केप आहे, क्रिटा आहे, आणि व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व तर लिनक्सवर पण मिळतं, पण ज्याचं पोट फोटोशॉपवर आहे त्याला गिंप शिक म्हणणं बरोबर नाही. क्लायंट पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल पाठवणार आणि परत पीएसडीच मागणार. अशा माणसाने विंडोज किंवा मॅकवर राहावं, यात कमीपणा काहीच नाही. गेमचं पण तसंच, एकट्याने खेळायचे गेम बहुतेक चालतात पण व्हॅलोरंट, फोर्टनाइट असे ऑनलाइन गेम लिनक्सवर चालत नाहीत, कारण त्यांचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर तिथे चालू दिलेलं नाही.

आता ऑफिस. हा मुद्दा जरा सविस्तर बघू कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्ससाठी नाही, ब्राउझरमधली आहे. पर्याय म्हणून लिब्रेऑफिस आहे, २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं निघालेलं, फुकट आहे आणि विंडोजवर पण चालतं. त्यात वर्डची फाइल उघडते, पण उघडणं आणि जशीच्या तशी दिसणं यात फरक आहे. समजा तुम्ही बारा पानांचा रिपोर्ट वर्डमध्ये कॅलिब्री फॉन्टमध्ये केलाय. लिनक्सवर कॅलिब्री नसतो, तो मायक्रोसॉफ्टचा आहे. मग लिब्रेऑफिस दुसरा कुठला तरी फॉन्ट घेतं, त्याची अक्षरं केसभर जास्त रुंद असतात, ओळीतला शेवटचा शब्द खाली उतरतो, असं करत करत पानाच्या तळाशी असलेला तक्ता पुढच्या पानावर जातो आणि रिपोर्ट तेरा पानांचा होतो, अनुक्रमणिकेतले पान नंबर चुकतात. तुम्ही म्हणता लिब्रेऑफिस बेकार आहे. प्रत्यक्षात कार्लिटो नावाचा फॉन्ट टाकला की हे बऱ्याच अंशी सुटतं, कारण तो मुद्दाम कॅलिब्रीच्याच मापाने बनवलाय, तसाच कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया, आणि एरियल, टाइम्स न्यू रोमन यांच्यासाठी लिबरेशन फॉन्ट आहेत. नुसतं पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा, वादच नको. पण जिथे तीन-चार जण एकाच वर्ड फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस लावून आळीपाळीने काम करतात तिथे लिब्रेऑफिसने जायचं असेल तर आधी नीट तपासा. एक्सेलमध्ये मॅक्रो असतील तर काही चालतात काही नाही, आणि पॉवर क्वेरी, पॉवर पिव्होट वापरत असाल तर ते तिथे मिळणारच नाही. मॅकवर एक्सेल आहे खरं, पण पॉवर पिव्होट तिथेही नाही आणि ॲक्सेस हा ऑफिसमधला डेटाबेसचा प्रोग्रॅम पण नाही.

मराठी टायपिंगची काळजी करू नका, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची पद्धत आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकून मिळते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये केलेलं काम असेल तर मात्र ते विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या, नंतर ते निस्तरणं फार किचकट होतं.

आता "आधी सॉफ्टवेअर, मग ओएस" का म्हणतो त्याची दोन मोठी उदाहरणं देतो. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये ओपनऑफिस आणलं, पुढच्या वर्षी फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड, आणि हे सगळं विंडोजवरच. लोकांचे हात त्यावर बसले आणि मग २००८ पासून उबंटू या लिनक्सच्या एका प्रकाराकडे जायला लागले. तोवर कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने उघडायच्या गोष्टी त्याच होत्या, फक्त मागचा पडदा बदलला. ते आजही लिनक्सवर आहेत. दुसरीकडे जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार कॉम्प्युटर बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव केला. त्यामागे राजकारण किती आणि तांत्रिक अडचण किती यावर अजून वाद चालतो, पण बाहेरच्यांशी फाइल्सची देवाणघेवाण आणि लिनक्सवर न येणारी खास सॉफ्टवेअर या तक्रारी तिथे सतत होत्या. म्हणजे घरातल्या एका लॅपटॉपला जी अडचण येते तीच महापालिकेला पण येते.

म्हणून तुम्ही पण हेच करा. आज, विंडोजवरच, लिब्रेऑफिस टाका आणि वर्ड न उघडता काम करून बघा. ॲडोबीऐवजी दुसरं काही वापरायचं ठरवत असाल तर ते पण आत्ताच टाका. महिना-दोन महिने यात नीट काम झालं तर ओएस बदलणं ही जवळपास औपचारिकता राहते. नाही झालं तर तुम्हाला उत्तर मिळालं, आणि तेही डिस्कला हात न लावता.

सॉफ्टवेअरनंतर मशीन. इथे लिनक्सची एक सोय फार छान आहे, पेनड्राइव्हवरून आख्खी ओएस चालवून बघता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातला डेटा आधी काढून घ्या कारण तो पुसला जातो, मग रूफस किंवा बलेना एचरने त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटूची फाइल चढवा, कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनूची की दाबा (एफ१२, एफ९, एस्केप, कंपनीप्रमाणे वेगळी असते) आणि पेनड्राइव्ह निवडा. जोपर्यंत तुम्ही इन्स्टॉलवर जात नाही तोपर्यंत तुमच्या डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. हे जरा हळू चालेल, पेनड्राइव्हचा वेगच कमी असतो, त्यावरून ओएसचा वेग ठरवू नका.

आणि नुसता डेस्कटॉप बघून "अरे वा छान दिसतंय" म्हणून बंद करू नका, अर्धा तास सगळं तपासा. वायफाय लागलं का, ब्लूटूथला हेडफोन जोडला का, कॅमेरा आणि माइक लावून खरी व्हिडिओ मीटिंग करून बघा, ब्राइटनेस आणि आवाजाची बटणं दाबा, प्रिंटरवर एक पान काढा, बाहेरचा मॉनिटर जोडा. मग लॅपटॉपचं झाकण बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि उघडा. ही झाकणाची टेस्ट कोणी करत नाही आणि नंतर सगळ्यात जास्त वैताग यातच असतो, झोपलेला लॅपटॉप जागाच होत नाही किंवा बॅगेत तापत राहतो. वायफायच्या काही चिप, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, वेगळं ड्रायव्हर मागतात, एनव्हिडियाच्या ग्राफिक्सला कंपनीचं ड्रायव्हर टाकावं लागतं आणि फिंगरप्रिंट तर बऱ्याच लॅपटॉपवर चालतच नाही. प्रिंटर मात्र अलीकडचे असतील तर बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय आपोआप सापडतात, यात लिनक्स खूप सुधारलंय.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. "लिनक्स टाकलं की जुना कॉम्प्युटर नव्यासारखा पळतो" हे अर्धसत्य आहे. ओएस स्वतः हलकी असते हे खरं, पण ब्राउझरचे वीस टॅब उघडले की ते तिथेही तेवढीच रॅम खाणार. मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका, चार जीबी रॅम असेल तर वाढवा, फरक त्याने जास्त पडतो, मग ओएस कुठलीही असो.

मॅकबद्दल थोडक्यात, कारण तिथे निर्णय वेगळ्या प्रकारचा आहे, तिथे ओएससोबत मशीनच नवीन घ्यावं लागतं. ऑफिस आणि ॲडोबी दोन्ही मिळतात, बॅटरी उत्तम, झाकण बंद-उघड करायची चिंता नाही. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणजे घेतानाच पुढची पाच-सहा वर्षं डोळ्यांसमोर ठेवून घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आल्यापासून ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर बूट कॅम्प नाही, त्यामुळे विंडोज शेजारी टाकू ही सोय गेली, पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एआरएम प्रकारच्या प्रोसेसरसाठीचं विंडोज चालवावं लागतं. आणि स्वस्तात मिळतोय म्हणून इंटेलवाला जुना मॅक घेऊ नका, ॲपलने सांगून टाकलंय की मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती.

लिनक्समध्ये कुठलं घ्यायचं यावर लोक आठवडे घालवतात, नका घालवू. विंडोजमधून पहिल्यांदा येताय तर लिनक्स मिंट घ्या, स्टार्ट मेनू आणि टास्कबार ओळखीचा वाटेल. नाहीतर उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती, ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. फेडोरा चांगलं आहे पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते, सुरुवातीला कशाला ती धावपळ.

ठरलंच आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं असेल, तर दोन गोष्टी आधी करा, नाहीतर घाबरगुंडी उडते. पहिली बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. बूटच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळत नाही. ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली सापडते, ती आधीच कागदावर लिहून घ्या, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही. दुसरी, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, मग लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन उघडलं तर फाइल्स वाचता येतात पण त्यात काही लिहिता येत नाही आणि माणूस तासभर परमिशन शोधत बसतो. घड्याळ पण पुढे-मागे झालेलं दिसेल, तो बिघाड नाही, मशीनच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिनक्समधली एक सेटिंग बदलली की दोघांचं जुळतं.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि घेतल्यावर त्यातल्या चार फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ती डिस्क सगळीकडे वापरायची असेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते पण मॅक आपणहून त्यावर लिहू देत नाही.

कॉम्प्युटर घरात सगळे वापरत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय बदलू नका. आईवडिलांच्या मशीनवर तुम्ही लिनक्स टाकलंत की त्याची प्रत्येक शंका तुमच्याकडेच येणार, आणि तुम्ही शेकडो किलोमीटर लांब असाल तर फोनवरून प्रिंटर लावून देणं दोघांनाही त्रासाचं. त्यांचं काम ब्राउझरपुरतं असेल आणि तुम्ही जवळ असाल तर मात्र छान चालतं.

थेट सांगायचं तर, यादीत एकही "काहीच नाही" वालं नाव नाही आणि पेनड्राइव्हच्या टेस्टमध्ये सगळं चाललं, तर जा, बिनधास्त जा. एखादंच नाव अडतंय आणि ते कधीतरी लागतं, तर दोन्ही ओएस शेजारी ठेवा, किंवा व्हर्च्युअलबॉक्स या एका ओएसच्या आत दुसरी ओएस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज टाकून तेवढंच त्यात चालवा. अडणारं सॉफ्टवेअर रोजचं आणि पोटापाण्याचं असेल तर आहे तिथेच थांबा, आणि मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नसेल तर पैसे नव्या मशीनसाठी साठवा.

परत यायची वाट पण उघडी असते. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स साधारणपणे मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे पूर्ण पुसून लिनक्स टाकलं आणि नंतर त्याच मशीनवर तीच एडिशन, म्हणजे होम असेल तर होम, परत टाकली तर इंटरनेटला जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. फक्त विंडोजचा इन्स्टॉलर असलेला दुसरा एक पेनड्राइव्ह विंडोज चालू असतानाच बनवून ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल विंडोजवरच चालतं.